किरणोपचारानंतरचे आयुष्य

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आपण दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो, विवाहेच्छू मुलामुलींची नोंद करतो आणि वर्षभरात दिवंगत झालेल्या बांधवांस श्रद्धांजली वाहतो. या तिन्हींत न बसणारी काही माणसे आपल्यात आहेत. ती हयात आहेत, म्हणून श्रद्धांजलीत त्यांचे नाव येत नाही. आणि त्यांना नीट बोलता येत नाही, म्हणून व्यासपीठावर त्यांना बोलवावे असे कोणास सुचत नाही. तोंड, जीभ, घसा अथवा स्वरयंत्र यांच्या कर्करोगावर उपचार घेऊन जी माणसे घरी परतली, त्यांच्याविषयी आम्ही आज बोलणार आहोत.

आम्ही वैद्य नाही, शाळामास्तर आहोत. तेव्हा औषध सांगणे हा आमचा अधिकार नव्हे. ते ज्याचे त्याने आपल्या डॉक्टरांसच विचारावे. मास्तराचे काम कठीण धडा सोपा करून सांगण्याचे. तेवढेच आम्ही करणार आहोत.

या रोगावरील किरणोपचाराचा इतिहास फार लांबचा नाही. श्रीरामकृष्ण परमहंसांस घशाचा कर्करोग झाला व १६ ऑगस्ट १८८६ रोजी त्यांनी देह ठेवला. शेवटच्या महिन्यांत त्यांना पातळ अन्नदेखील गिळवत नव्हते आणि वैद्यांच्या हाती फारसे काही नव्हते. त्यानंतर नऊच वर्षांनी, १८९५ मध्ये, जर्मनीत राँटजेन यांस क्ष-किरणांचा शोध लागला. १८९८ मध्ये क्यूरी दांपत्याने रेडियम शोधून काढले. या अदृश्य किरणांनी रोगट पेशी मारता येतात हे ध्यानी आले आणि नवी उपचारपद्धती जन्मास आली. आपल्या प्रांती २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईस परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उघडले. पुढे कित्येक वर्षे सातारा-सांगलीकडचा रुग्ण म्हणजे परळची वाट, हे समीकरणच होते. आज ती स्थिती राहिलेली नाही. ज्या मिरजेत डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिशन रुग्णालय उभारले, त्याच मिरजेत श्री सिद्धिविनायक गणपती कर्करोग रुग्णालय आहे. कराडास कृष्णा रुग्णालय आहे, साताऱ्यातही किरणोपचाराची सोय झाली आहे. उपचार दाराशी आला. मात्र उपचारानंतर काय करावयाचे याचे ज्ञान अजून दाराशी आलेले नाही.

किरणोपचारास आपल्याकडे कोणी ‘शेक’ म्हणतात, कोणी ‘लाईट’ म्हणतात. नाव काही असो, रीत अशी : आठवड्यातून पाच दिवस, रोज काही मिनिटे, असे सहा ते सात आठवडे. किरणांचे माप ‘ग्रे’ या एककात मोजतात. डोके व मान यांच्या कर्करोगास बहुधा एकूण ६० ते ७० ग्रे इतकी मात्रा तीस ते पस्तीस हप्त्यांत विभागून देतात. काही रुग्णांस आठवड्यातून एकदा सलाईनमधून औषधही देतात. किरण देताना काही दुखत नाही. दुखणे दोन-तीन आठवड्यांनी सुरू होते. तोंड आतून सोलवटते, लाळ चिकट होते, चव जाते, मानेची कातडी काळवंडते. याच सुमारास पुष्कळ घरांतून ‘आता पुरे करा’ असा आवाज निघतो. तो आवाज घातक आहे. मध्येच खंड पडला तर रोगाच्या उरलेल्या पेशी पुन्हा जोर धरतात आणि आधी सोसलेले सगळे वाया जाण्याचा धोका असतो. हप्ते पुरे करणे हे या उपचाराचे पहिले पथ्य होय.

आता आपल्या भागास परिचित अशी दोन उदाहरणे घेऊ. राजकारणाशी या संमेलनास कर्तव्य नाही; दोन्ही माणसे सार्वजनिक जीवनातली व त्यांचा आजार सर्वश्रुत, एवढ्याचसाठी त्यांचा उल्लेख करतो.

तासगाव तालुक्यातील अंजनी या खेड्यात १९५७ मध्ये जन्मलेले आर. आर. पाटील, आपले आबा, गरिबीतून वर आले. ग्रामविकासमंत्री असताना त्यांनी २००० साली संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि खेडोपाडी लोकांच्या हाती झाडू दिला. वक्तृत्व हेच त्यांचे भांडवल होते. तोंडाच्या कर्करोगाने १६ फेब्रुवारी २०१५ रोजी, वयाच्या अवघ्या ५७व्या वर्षी, ते गेले. तंबाखूची सवय त्यांना होती हे त्यांच्या निधनानंतर उघडपणे बोलले गेले. ज्याने गावोगावचा उकिरडा हटविला त्याला आपल्या चंचीतला तंबाखू हटविता आला नाही, ही हळहळ सांगली जिल्ह्याच्या मनातून अद्याप गेलेली नाही.

दुसरे उदाहरण शरद पवार यांचे. २००४ सालच्या लोकसभा निवडणुकीच्या सुमारास त्यांच्या तोंडाच्या कर्करोगाचे निदान झाले. शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर ३६ वेळा किरणोपचार घ्यावे लागले. त्या दिवसांत सकाळी ९ पासून दुपारी २ पर्यंत मंत्रालयाचे काम करून मग आपण रुग्णालयात जात होतो आणि वेदना असह्य होत, असे त्यांनीच सांगितले आहे. दात काढावे लागले. तोंड उघडण्यास, गिळण्यास, बोलण्यास अडचण पडू लागली, हेही त्यांनी दंतवैद्यांच्या एका कार्यक्रमात मोकळेपणाने सांगितले आणि चाळीस वर्षांपूर्वी कोणी सावध केले असते तर बरे झाले असते, असा खेद व्यक्त केला. तरीही १८ ऑक्टोबर २०१९ रोजी साताऱ्याच्या मैदानावर भर पावसात त्यांनी भाषण केले, ते उपचारानंतर पंधरा वर्षांनी. शब्द पूर्वीइतके स्पष्ट नव्हते. ऐकणाऱ्यांनी कान देऊन ऐकले. वक्त्याच्या जिभेत जे कमी पडले ते श्रोत्यांच्या कानांनी भरून काढले. किरणोपचारानंतरच्या आयुष्याचे सगळे मर्म या एका प्रसंगात आहे, असे आम्हांस वाटते.

युरोपातील तज्ज्ञांनी या रुग्णांसाठी एक प्रश्नावली तयार केली आहे. तीत ३५ प्रश्न आहेत. टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी ती भारतीय रुग्णांवर पडताळून २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. गाठ किती उरली याची चौकशी त्या प्रश्नांत नाही. तोंड कोरडे पडते का, गिळताना ठसका लागतो का, चव कळते का, टेलिफोनवर बोलता येते का, असे ते प्रश्न आहेत. त्यांतील दोन प्रश्न वाचून आम्ही थबकलो. घरच्या माणसांसमोर जेवताना अडचण वाटते का, हा एक. आणि बाहेरच्या माणसांसमोर जेवताना अडचण वाटते का, हा दुसरा. रोग शरीराचा, पण त्याचे माप पंगतीत घ्यावयाचे, हे त्या तज्ज्ञांनी ओळखले.

आता या अडचणी एकेक करून पाहू.

पहिली अडचण लाळेची. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाकाठी सुमारे एक लिटर लाळ तयार होते. किरणांच्या वाटेत लाळेच्या ग्रंथी आल्या की हा झरा आटतो. भाकरीचा घास तोंडात फिरत राहतो, खाली उतरत नाही. रात्री जीभ टाळूस चिकटून जाग येते. पाण्याचा तांब्या उशाशी, बाटली पिशवीत, हे मग जन्माचे सोबती होतात. मीठ व खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने दिवसातून अनेक वेळा चूळ भरणे हितावह असते. भाकरी दुधात अथवा आमटीत कुस्करून, मऊ भात वरणासह, नाचणीची पेज, ज्वारीची आंबील, हे आपल्या घरचेच पदार्थ अशा वेळी उपयोगी पडतात. खर्डा, ठेचा व तिखट रस्सा यांचा वियोग आपल्या भागातील माणसास जड जातो, हे आम्ही जाणतो. चव बहुधा काही महिन्यांनी परत येऊ लागते. तोपर्यंत ‘काहीच कसे आवडत नाही’ असे म्हणून सुनेने अगर पत्नीने मन खट्टू करून घेऊ नये. दोष स्वयंपाकाचा नसतो.

या बाबतीत शास्त्रानेही प्रगती केली आहे. किरणांची तीव्रता जागोजागी कमीअधिक करून लाळग्रंथी वाचविण्याची नवी पद्धत निघाली. इंग्लंडमध्ये ९४ रुग्णांवर झालेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, जुन्या पद्धतीने उपचार घेतलेल्यांपैकी ७४ टक्के रुग्णांस वर्षानंतरही कोरडेपणाचा लक्षणीय त्रास होता. नव्या पद्धतीत हे प्रमाण ३८ टक्क्यांवर आले. टाटा रुग्णालयातील ६० रुग्णांच्या चाचणीतही नव्या पद्धतीत लाळेचा त्रास कमी आढळला. म्हणून उपचारापूर्वी ‘लाळग्रंथी वाचविता येतील का’ असा प्रश्न डॉक्टरांस विचारण्यास संकोच करू नये.

दुसरी अडचण दातांची. लाळ ही दातांची राखणदार. ती गेली की दात झपाट्याने किडतात. त्यात किरणांनी जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. अशा जबड्यातला दात उपटला तर जखम भरत नाही आणि हाड कुजण्याचा संभव असतो. हा धोका उपचारानंतर पुष्कळ वर्षांनीही राहतो. यास्तव दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. काढण्याजोगे दात किरणोपचार सुरू होण्यापूर्वी काढून घ्यावेत व जखम भरू द्यावी. नंतर कोणत्याही दंतवैद्याच्या खुर्चीत बसण्याआधी ‘मला मानेवर किरण दिलेले आहेत’ हे वाक्य प्रथम उच्चारावे. बाजाराच्या दिवशी कोठेतरी बसून दात काढून घेण्याची रीत अशा माणसाने कायमची सोडावी.

तिसरी अडचण जबड्याची. निरोगी माणसाच्या तोंडात त्याची तीन बोटे उभी मावतात. किरणांनी व शस्त्रक्रियेने जबड्याचे स्नायू आखडतात आणि कित्येकांचे तोंड एका बोटापुरतेच उघडते. सुपारी व गुटख्याने ज्यांची गालफडे आधीच ताठरली, त्यांचे हाल अधिक. यावर उपाय एकच, व्यायाम. आइस्क्रीमच्या काड्यांसारख्या लाकडी पट्ट्या एकावर एक रचून दातांत धरावयाच्या व दर आठवड्यास एखादी वाढवावयाची, अशी साधी पद्धत रुग्णालयांत शिकवितात. मान व खांदा यांचेही व्यायाम असतात, गिळण्याचेही असतात. हे व्यायाम पाढ्यांसारखे आहेत. रोज म्हटले तर राहतात, सोडले तर जातात.

चौथी अडचण बोलण्याची. १८४३ मध्ये ज्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, त्या आपल्या मुलखात कंठाचे मोल कोणी सांगावयास नको. ज्यांचे स्वरयंत्र काढावे लागते त्यांनाही आज पुन्हा बोलता येते. श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यामध्ये छोटी झडप बसवून आवाज काढतात, किंवा गळ्यास लावावयाचे यंत्र वापरतात. बोलणे शिकविणारे तज्ज्ञ असतात. ऐकणाऱ्याने मात्र घाई करू नये. वाक्य अर्धे असतानाच आपण ते पुरे करून टाकतो. वाटते की मदत केली. वस्तुतः त्याच्या तोंडचा घास जसा रोगाने काढला तसा शब्द आपण काढून घेतो.

पाचवी गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. गळ्याच्या पुढील भागात थायरॉईड नावाची ग्रंथी असते. मानेवर किरण दिल्यानंतर काही महिन्यांनी अथवा वर्षांनी तिचे कार्य मंदावू शकते. मग माणूस सुस्त होतो, त्यास थंडी वाजते, अंग सुजल्यासारखे होते, मन खचते. घरचे म्हणतात, ‘आजारातून उठला पण आळशी झाला.’ आळस नव्हे तो. रक्ताच्या एका साध्या तपासणीने कळणारी व रोजच्या एका गोळीने आटोक्यात येणारी ती कमतरता असते. सहा महिन्यांनी, निदान वर्षातून एकदा, ही तपासणी करवून घ्यावी. जेवताना वारंवार ठसका लागून ताप येत असेल, किंवा उपचारासोबत औषध घेतल्यानंतर कानास कमी ऐकू येत असेल, तर तेही डॉक्टरांस सांगावे. पहिली दोन वर्षे फेरतपासणी चुकवू नये, कारण रोग परतावयाचा असेल तर बहुधा याच काळात परततो.

शरीराच्या अडचणी येथे संपतात. आता समाजाच्या सुरू होतात, आणि या मंडळापुढे बोलण्याचे आमचे खरे कारण हेच आहे.

आमच्या पाहण्यातले एक गृहस्थ आहेत. आपल्याच समाजातले. पंगतीत वाढपी म्हणून सर्वांत पुढे असत, आग्रह करून करून वाढीत. उपचार होऊन रोग बरा झाला, परंतु आता लग्नाचे आमंत्रण आले की ते अक्षता टाकून मांडवातूनच परततात. घास गिळावयास वेळ लागतो, मध्येच पाणी प्यावे लागते, ओठाच्या कोपऱ्यातून ओघळ येतो. समोरचा पाहतो आणि नजर वळवितो. नजर वळविणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो. परंतु त्या गृहस्थांनी पाच-सहा वर्षांत कोणाच्या घरी पान मांडून घेतलेले नाही. शस्त्रक्रियेने त्यांच्या गालाचा एक भाग गेला. पंगत मात्र आपण नेली.

काही घरांत अशा रुग्णाचे ताट-वाटी वेगळे ठेवतात. कर्करोग स्पर्शाने, उष्ट्याने अथवा सहवासाने लागत नाही. आजोबांच्या मांडीवरून नातवास उचलून नेण्याचे काहीएक कारण नाही. आणखी एक गोष्ट भगिनींस सांगतो. आपल्याकडे पुरुष तंबाखू-चुन्याचा बार भरतो तो दिसतो. पहाटे चुलीपाशी मशेरी लावणारी बाई दिसत नाही. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. बाईच्या तोंडात बरी न होणारी जखम झाली तर ती महिनोन्महिने सांगत नाही, आणि उपचारानंतर चेहरा बदलला तर उंबऱ्याबाहेर येत नाही. हळदीकुंकवाचे तिचे बोलावणे अशा वेळी आवर्जून गेले पाहिजे.

हा रोग विरळा असता तर आम्ही आपला वेळ घेतला नसता. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात ओठ व तोंड यांच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण एका वर्षात आढळले. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू सेवन करीत होते. राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी चंची व मशेरी यांस बंदी कायद्याने येत नाही. ती घरानेच घालावी लागते. उपचारानंतरही तंबाखू चालू ठेवला तर किरणांचा गुण कमी होतो आणि दुसरा कर्करोग होण्याची भीती राहते.

तेव्हा मंडळापुढे आम्ही चार सूचना नम्रपणे ठेवतो.

पहिली, मंडळाच्या कोणत्याही समारंभात, आणि मंडळाच्या कार्यालयात होणाऱ्या कार्यांत, पानसुपारीच्या तबकातून तंबाखू व सुपारी दोन्ही काढावीत. सुपारी एकटीही कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधनसंस्थेने ठरविले आहे. अतिथीचा मान राखावयास गूळ-शेंगदाणे अथवा तासगावचे बेदाणे काय थोडे आहेत?

दुसरी, प्रत्येक सामुदायिक भोजनात मऊ भात, पातळ वरण व खीर यांची सोय असावी व ती ‘रुग्णांची पंगत’ म्हणून वेगळी न मांडता मुख्य पंगतीतच वाढावी. लहान मुले व दात गेलेली वृद्ध मंडळीही ती आनंदाने घेतील आणि कोणाकडे बोट दाखविले जाणार नाही.

तिसरी, सहा-सात आठवडे रोज रुग्णालयात जाणे हे गरीब कुटुंबास उपचाराच्या खर्चाइतकेच जड जाते. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेची माहिती रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून मिळते. कर्करुग्णांस रेल्वेत व एस.टी.त प्रवाससवलत आहे; मुंबईस दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा व परळची नाना पालकर स्मृती समिती येथे रुग्णांच्या निवासाची व्यवस्था होते. ही माहिती ज्ञातीतील प्रत्येक कुटुंबास मिळावी म्हणून मंडळाने एक कार्यकर्ता नेमावा. मिरज व कराड येथे ज्यांची घरे आहेत अशा बांधवांनी एखादी खोली त्या आठवड्यांपुरती द्यावी.

चौथी, उपचारातून उठलेल्या माणसास काम द्यावे. हिशेब लिहिणे, ग्रंथालय सांभाळणे, मुलांचे शुद्धलेखन तपासणे, यांस मोठा आवाज लागत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यास ‘कमवा व शिका’ हा मंत्र दिला, तो विद्यार्थ्यांपुरताच नव्हता. ज्याला काम आहे त्याला सकाळी उठावयास कारण आहे.

बंधू-भगिनींनो, रोग्यास वाचविणे हे डॉक्टरांचे काम. ते आपल्या भागात आता उत्तम होऊ लागले आहे. वाचलेल्यास जगविणे हे कोणा एका रुग्णालयाचे काम नव्हे, आणि ज्ञातिमंडळ नावाची संस्था पूर्वजांनी काढली ती याच कामासाठी. आज दुपारी भोजनाची पाने मांडली जातील. आपल्यापैकी ज्यांस सावकाश जेवावे लागते त्यांच्या शेजारी आपण बसावे, आणि आपणही सावकाश जेवावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.